सोलापूरहून ग्रॅव्हल सायकल: गाड्यांपासून दूर, बालाघाटाच्या कडेकडेने (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रविवारी पहाटे पार्क चौकात जाड टायरच्या चार सायकली उभ्या दिसल्या की कुणीतरी थांबून विचारतंच. तेच तेच प्रश्न इतक्या वेळा ऐकलेत, की एकदाचं लिहून काढलं. इथली उत्तरं आमच्या फिरण्यातून आलेली आहेत. तुमचा अनुभव वेगळा असेल तर तो तुमच्या जागी खराच.

ग्रॅव्हल सायकल म्हणजे काय? डोंगरातली एमटीबी (माउंटन बाईक) आणि ही एकच का?

नाही. दिसायला ती शर्यतीच्या सायकलीसारखी, खाली वळलेल्या हँडलची. टायर मात्र जाड, साधारण ३५ ते ५० मिलिमीटर. गिअर हलके असतात आणि बहुतेक सायकलींना डिस्क ब्रेक. पुढे शॉकअप सहसा नसतो. डांबरावर ती एमटीबीपेक्षा हलकी पळते आणि मुरमावर रोड बाईकसारखी घाबरत नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर डांबर संपलं तरी परत फिरावं लागत नाही, अशी सायकल.

सोलापूर तर ताटासारखं सपाट. डोंगर कुठून आणलात?

शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे आणि शहरातून बघाल तर उंचवटा म्हणजे उड्डाणपूल, हे कबूल. पण उत्तरेला आणि ईशान्येला बालाघाट आहे. सह्याद्रीतून निघालेली हरिश्चंद्र-बालाघाटाची रांग पूर्वेकडे सरकत येते आणि गोदावरीचं खोरं भीमेच्या खोऱ्यापासून वेगळं करते. तिची दक्षिणेकडची कड बार्शी आणि तुळजापूर तालुक्यांच्या डोक्यावर उभी आहे. आई भवानीचं तुळजापूर त्या कडेवरच वसलंय. सोलापूरहून तिथवर ४५ किलोमीटर, आणि चढ दोनशे मीटरच्या आगेमागे.

हिमालयाशी तुलना करायला जाऊ नका. आमच्याकडचे चढ लांबलचक नसतात, आखूड आणि आडमुठे असतात. एक ओढा ओलांडून वर आलात की पुढे दुसरा ओढा. घरी येऊन बेरीज केलीत की कळतं, सपाट जिल्ह्यात पाचशे मीटर चढून आलो.

गाड्या नसलेला रस्ता म्हणजे अगदी कुणीच नाही?

तसं धरून चालू नका. कार, ट्रक, एसटी नाही, एवढाच अर्थ घ्या. पाणंद रस्त्यावर बैलगाडी असते, दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल असते, ट्रॅक्टर असतो, शाळेला निघालेली पोरं असतात. सायकलसाठी बांधलेला, दोन्ही बाजूंनी पाट्या लावलेला मार्ग आपल्याकडे नाही. आपण शेतकऱ्याच्या वहिवाटीच्या रस्त्यावरून जातो, म्हणून पहिला मान त्याचा. समोरून बैलजोडी आली तर सायकलवरून उतरून कडेला उभं राहायचं, कारण बैल लाइट आणि हेल्मेट बघून बुजतात. बैल बुजला आणि गाडी चारीत गेली, तर मग तुमचं स्ट्राव्हा, म्हणजे फेरी नोंदवणारं ॲप, बंद करून गाडी उचलायला खांदा द्यावा लागतो. दिलाय आम्ही.

असे रस्ते शोधायचे कसे? मोबाईलच्या नकाशावर तर दिसत नाहीत.

हा सगळ्यात कामाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मोबाईलचा नकाशा गाडीवाल्यासाठी बनलेला असतो. तो तुम्हाला फिरवून फिरवून राष्ट्रीय महामार्ग ६५ किंवा ५२ वर आणून सोडतो. त्यापेक्षा उपग्रहाचं चित्र उघडा आणि शेतांच्या मधून जाणारी फिकट रेघ शोधा. ती रेघ दोन गावांना जोडत असेल तर बहुधा चालती वाट असते. मध्येच वस्तीपाशी संपत असेल तर ती कुणाच्या तरी अंगणात जाते. आम्ही अशा तीन अंगणांत चहा प्यायलोय, पण दर वेळी नशीब साथ देत नाही.

दुसरा मार्ग महसूल खात्याच्या गाव नकाशाचा. त्यात दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेला ग्रामीण गाडीमार्ग असतो, साडेसोळा ते एकवीस फूट रुंदीचा. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. कागदावरचा हा गाडीमार्ग जमिनीवर नांगरून गेलेला असू शकतो, तो वेगळा तमाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशेही बघावेत. त्यांत समोच्च रेषा असतात, म्हणजे चढ कुठे फसवणार ते घरीच कळतं.

आणि तिसरा मार्ग म्हणजे विचारणं. फक्त 'रस्ता आहे का' असं विचारू नका, उत्तर 'आहे की' असंच येतं. 'बैलगाडी जाते का?' हे विचारा. बैलगाडी जात असेल तर आपण जातो. 'मोटारसायकल जाते' या उत्तरावर माझा विश्वास नाही. गावातली पोरं मोटारसायकल विहिरीच्या कठड्यावरूनही नेतात.

शब्दही ओळखीचे करून घ्या. पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंनी कुंपण किंवा बांध असलेली शेतवाट. शिवरस्ता दोन गावांच्या शिवेवरून जातो आणि गर्दीपासून सगळ्यात लांब असतो. 'खडीकरण झालंय' असं कुणी म्हणालं तर सावध व्हा: दबलेली खडी असेल तर स्वर्ग, आणि नुकतीच ओतलेली मुठीएवढी खडी असेल तर सायकल खांद्यावर. सगळ्यात गोड रस्ता मुरमाचा. पाऊस उघडून महिना झालाय, वरून ट्रॅक्टर फिरून तो दबलाय, टायरखाली नुसता कुरकुर आवाज येतोय, असा.

परवानगी लागते का?

गावाच्या वहिवाटीच्या रस्त्याला नाही. शेताच्या बांधावरून मात्र सायकल घालायची नाही. बांध हा रस्ता नव्हे, आणि तो ढासळला तर दोन भावकीतलं भांडण तुमच्या नावावर लागतं. वनजमिनीत आणि अभयारण्यात वनखात्याला विचारूनच जायचं. कालव्याच्या कडेचा रस्ता पाटबंधारे खात्याचा असतो. तिथं फाटक बंद असेल किंवा पाटकऱ्यानं हटकलं तर वाद न घालता मागे फिरायचं.

पहिल्यांदाच येतोय. सुरुवात कुठून करू?

हिप्परग्यापासून. ब्रिटिश काळात अदिला नदी अडवून बांधलेला हा एकरूख तलाव शहरापासून जेमतेम आठ किलोमीटर. जाताना तुळजापूर रस्त्याचा तुकडा लागतो, तो उजाडायच्या आत उरकायचा. तलावाच्या मागच्या अंगाला शेतवाटा आहेत. हिवाळ्यात पाण्यावर पट्टकादंब हे स्थलांतरित पक्षी उतरतात. ते दिसले की सायकल लांब ठेवून बघा. थव्याच्या दिशेनं सायकल दामटून फोटो काढणारे आमच्यात नकोत.

दुसरी सोपी फेरी हत्तरसंग कुडलची. शहरापासून चाळीसेक किलोमीटर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर. चढ नावाला. इथल्या संगमेश्वर मंदिरातला मराठी शिलालेख शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. हजार वर्षांपूर्वीची मराठी वाचायला सायकलवर जाणं मला आवडतं, पण हे माझं वेड झालं. परतीला ऊन आणि समोरचा वारा दोन्ही मिळतात, तेव्हा निघायची वेळ पाचची ठेवा.

उजनीच्या कालव्यांच्या कडेचे रस्ते माढा-मोहोळ भागात मैलोन्‌मैल सपाट जातात. नवख्याला ते आवडतात. मला कंटाळा येतो, पण मुलांना घेऊन जायला चांगले. एकच गोष्ट गांभीर्यानं सांगतो: आवर्तन (शेतीसाठी सोडलेलं पाणी) सुटलेलं असताना कालव्यात पाय धुवायलाही उतरू नका. काँक्रीटचं अस्तर शेवाळलेलं असतं, आत गेलेल्याला पकडायला काही नसतं आणि पाण्याला ओढ असते.

खरा चढ कुठे मिळेल?

दोन जागा सांगतो.

पहिली तामलवाडीची. तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीपाशी महामार्ग सोडायचा आणि काटी-सावरगावच्या बाजूला आत शिरायचं. इथं बालाघाटाचा पायथा सुरू होतो. द्राक्षबागा संपतात, मग ज्वारी, मग कुसळी गवताची माळरानं आणि मधूनमधून काळ्या कातळाचे टप्पे. तुळजापूरच्या घाटातून सायकल चढवण्यात मर्दुमकी वाटत असेल तर वाटो. तिथं ट्रकच्या धुरात चढण्यापेक्षा आडवाटेनं दुप्पट वेळ गेलेला परवडला.

दुसरी वैरागची. बार्शी रस्त्यावरचं हे गाव. तिथून पूर्वेला धाराशिवकडे तोंड केलं की डोंगराची कड भिंतीसारखी समोर येते. मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाड्या-वस्त्यांना जाणाऱ्या मुरमाच्या वाटा आहेत. शेवटच्या टप्प्यात चढ इतका उभा होतो की पुढचं चाक उचलल्यासारखं वाटतं. उतरून ढकलण्यात कमीपणा नाही. मी दर वेळी ढकलतो, आणि 'फोटो काढत होतो' असं सांगतो.

वर पोचलात की पठार. वारा, चरणाऱ्या शेळ्या, आणि मागे वळून बघितलं तर खाली भीमा-सीनेचा मुलूख पसरलेला. तो देखावा फोटोत कधीच येत नाही.

रामलिंगला सायकलनं जाता येईल?

मंदिरापर्यंत रस्ता आहे, त्यानं जा. येडशीजवळच्या या खोल दरीत रावणाशी लढताना जटायू पडला, अशी तिथली श्रद्धा. पण हे अभयारण्य आहे, १९९७ साली घोषित झालेलं, आणि लहान आहे. जंगलातल्या पायवाटांवर सायकल घालायची नाही. पावसाळ्यात धबधबा आणि श्रावणात गर्दी, दोन्ही भरपूर. आम्ही आठवड्यातल्या मधल्या वारी जातो. माकडांपासून हँडलबारची पिशवी सांभाळा, त्यांना चेन उघडता येते.

नान्नजच्या माळरानावर सायकल चालवायची इच्छा आहे.

कृपा करून नको. माळढोकसाठी १९७९ मध्ये झालेलं ते अभयारण्य. लांबून रिकामं गवत दिसतं, पण माळढोक जमिनीवरच अंडं घालतो, बहुधा एकच. तो पक्षी आता इतका दुर्मिळ झालाय की एकेका अंड्याचा हिशेब आहे. काळवीट आणि लांडगेही त्याच गवतात. रीतसर परवानगी घेऊन, पायी, वनखात्याच्या माणसाबरोबर बघा. ग्रॅव्हलसाठी बाकी जिल्हा मोकळा आहे.

कोणत्या महिन्यात निघावं?

दिवाळी ते महाशिवरात्र. त्यातही हुरड्याच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून राहतो. तेव्हा सकाळी आठच्या आत घरी यायचं नाहीतर जायचंच नाही.

पावसाळ्याबद्दल वेगळं लिहायला हवं. लोक म्हणतात, आमच्याकडे पाऊसच किती पडतो! पाऊस किती पडला यापेक्षा माती कोणती ते बघा. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला अशी लपेटते की चाक फ्रेममध्ये फिरेनासं होतं. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात मी 'जरासा भुरभुर' पाऊस झाल्यावर पाणंदीत शिरलो. पन्नास मीटरवर दोन्ही चाकं लाडवासारखी झाली. जोर लावून पेडल मारलं तर मागचा डिरेलर (चेन एका चाकीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) मोडून स्पोकमध्ये गेला. सायकल उचलावी तर चिखलानं वजन दुप्पट. शेवटी एका काकांनी ट्रॅक्टरवर घेतलं आणि वाटभर एकच वाक्य तीनदा म्हणाले, 'बैल बी घालीत नाही ओ आम्ही हितं पावसात.'

तेव्हापासूनचा नियम: मुरमाच्या माळावर पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी जाता येतं, काळ्या रानात आठवडाभर नाही. नर-मादी धबधबे बघायला नळदुर्गला जायचं असेल तर ते पावसाळ्यातच वाहतात. तेव्हा सायकली टेम्पोत टाका आणि किल्ल्यापाशी उतरा. बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या पोटात काढलेला पाणीमहाल बघा, आणि त्या दिवशी सायकलीपेक्षा पायच चालवा.

कोणती सायकल घेऊ? हायब्रिड चालेल का?

चालेल. आधी आहे ती काढा. ३८ मिलिमीटरचा टायर बसत असेल तर निम्मं काम झालं. नवी घेताना दोन गोष्टी बघा: टायर आणि फ्रेम यांच्यात मोकळी जागा किती, आणि सर्वांत हलका गिअर किती हलका. पुढच्या चाकीला मागच्यापेक्षा कमी दाते मिळत असतील, पुढे ३० आणि मागे ३४-३६ असे, तर वैरागची कड बसून चढाल. बाकी रंग तुमचा तुम्ही निवडा.

हवा कमी ठेवा. सत्तर किलोच्या माणसाला ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ३५ पीएसआयच्या आसपास पुरते. टायर दगडासारखा टणक करून नेलात तर मुरमावर दात वाजतात.

पंक्चरचं काय?

पंक्चर होणारच. पहिला शत्रू बाभूळ, दुसरी वेडी बाभूळ, तिसरा सराटा. पहिले दोन दिसतात तरी. सराटा वेलीसारखा जमिनीलगत पसरतो, पिवळं नाजूक फूल येतं आणि त्याचं काटेरी फळ कसंही पडलं तरी एक टोक वर राहतं. दोन मिनिटं सायकल कडेच्या गवतात आडवी टाकली आणि चाकात अकरा काटे निघाले, असं झालंय.

म्हणून ट्यूबलेस. म्हणजे आत ट्यूब नसलेला टायर. त्यात सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, असलं की बारीक भोकं आपोआप बुजतात. काटा लगेच उपटू नका. तो आत असेपर्यंत भोक बंदच असतं, घरी जाऊन काढा. सीलंट उन्हात लवकर वाळतं, इथल्या उन्हाळ्यात तर दीड-दोन महिन्यांनी तपासायला हवं. मी तपासलं नव्हतं, आणि गरज पडली त्या दिवशी टायरमध्ये नुसती रबरी साय निघाली. सोबत प्लग, एक ट्यूब, पंप आणि डिरेलरचा जादा हँगर (डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा) ठेवा. गावातल्या पंक्चरवाल्याकडे हँगर मिळत नाही, पण हातपंप आणि सल्ला मिळतो. दोन्ही फुकट.

कुत्री मागे लागतात तेव्हा?

वस्तीवरची कुत्री शंभर मीटरच्या हद्दीपुरती भुंकतात. मेंढरांबरोबरची वेगळी, ती कामावर असतात. कळप दिसला की लांबूनच उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवायची, धनगर मामांना मोठ्यानं हाक मारायची आणि चालत पुढे जायचं. पळालात की हरलात. दगड उचलू नका. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या. हळद-चुना लावून वेळ घालवू नका.

ऊस तोडणीच्या दिवसांत धोका वाढतो का?

फार. कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर आपल्या त्या निवांत वाटांवरही येतात. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो आणि मागे दिवा असेलच असं नाही. ट्रॅक्टरवाल्याला गाण्याच्या आवाजात तुमची घंटी ऐकू येत नाही. अंधारात अशा रस्त्यावर थांबायचंच नाही, आणि ट्रॉलीच्या शेजारून पुढे घुसायचं नाही. दुसरी ट्रॉली वळणावर आत कापते.

तुळजापूर रस्ता कोजागिरीला गाड्यांना बंद असतो. तेव्हा सायकलनं जावं का?

खरं आहे, वर्षातून एकदा तो महामार्ग गाड्यांपासून मोकळा होतो. पण तेव्हा तो हजारो पायी भाविकांनी भरलेला असतो, अनवाणी लोक असतात, लहान मुलं असतात. त्या रात्री सायकल घरी ठेवा आणि चालत जा.

खाण्यापिण्याची सोय?

माणशी किमान दोन लिटर पाणी बरोबर. वाटेत बाटलीबंद पाणी फाट्यावर मिळतं, आडवाटेला नाही. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, ती दिवसभर टिकते आणि हँडलबारवर हादरून चुरा झाली तरी चव जात नाही. गूळ-शेंगदाणे खिशात. विकतच्या जेलची पाकिटं आणणारे आहेत आमच्यात. चढाच्या मध्यावर तेच आमच्या भाकरीकडे बघतात.

मुलगी आहे, एकटीनं जाऊ का?

आमच्यातल्या दोघीजणी जातात. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं देतो: नव्या वाटेवर पहिल्यांदा कुणाबरोबर जा, दुसऱ्यांदा एकटी. घरी वाट सांगून निघा, मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा, थांबायचं तर अंगणवाडी, शाळा किंवा बायका काम करत असलेल्या रानापाशी थांबा. त्यातली एक म्हणते, 'वाटेत भेटणाऱ्या आज्या नवरा कुठाय विचारतात, तेवढं सहन करायची तयारी ठेव.'

मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. दरीत रेंज जाते, चढावर येते.

बार्शी लाइट रेल्वेच्या जुन्या मार्गावर सायकल मार्ग होऊ शकेल का?

हा माझा आवडता विषय, आवरतं घेतो. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी गेजची गाडी सुरू केली. पुढे ती लातूरला, पंढरपूरला, मिरजेला पोचली. अलीकडे ब्रॉडगेज झाली. स्पेनमध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर १९९३ पासून सायकलसाठी हिरव्या वाटा केल्या आहेत. रेल्वेचा चढ सौम्य असतो, म्हणून डोंगरातही म्हातारी माणसं त्यावर सायकल चालवतात. आपल्याकडे जिथं जुनी वाट सुटली तिथं असं काही झालं तर पहिल्या दिवशी मी हजर. आज मात्र तिथं तयार सायकल मार्ग नाही, आणि चालू रुळांच्या कडेनं सायकल नेणं गुन्हाही आहे आणि मूर्खपणाही.

गावात सगळे 'केवढ्याला घेतली' विचारतात. काय सांगायचं?

खरी किंमत सांगितली की शांतता पसरते, मग कुणीतरी म्हणतं, 'तेवढ्यात बुलेट आली असती की ओ.' खोटी सांगितली की पुढच्या वेळी त्याच पारावर पकडले जाता. मी 'सेकंडहँड आहे' एवढंच सांगतो आणि विचारणाऱ्याला एक चक्कर मारायला देतो. सीट उंच असते, पाय पोचत नाहीत, पण बहुतेक जण दणकून चालवतात. मागच्या खेपेला धोतर खोचून एका आजोबांनी पाराभोवती तीन चकरा मारल्या आणि सायकल परत देताना म्हणाले, 'ब्रेक जरा ढिला हाय पुढचा.' होताच.